एका फिल्मवर दोन दारं

काका,

तुम्ही गेल्याला आज पाचवा दिवस. सुजाताताई म्हणाली, रविवारच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बाबांवर छोटी पुस्तिका काढतोय, तुझी दोन-चार पानं दे, आणि तिथं वाचूनही दाखव. मी हो म्हटलं आणि तीन दिवस कागद कोरा ठेवला. मला परचा, म्हणजे आंदोलनाचं पत्रक, लिहिता येतो. परच्यात वर मोठ्या अक्षरांत जुलूम कोणाचा ते लिहायचं आणि खाली किती वाजता कुठं जमायचं ते. तुमच्या बाबतीत यातलं काहीच लागू पडत नाही. तुमचा जन्म कुठला, रेल्वेच्या कारखान्यात किती वर्षं काढलीत, हे बाकीचे लिहितील. मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि खरं सांगते, ती लिहायचाही कंटाळा आलाय. गेलं सव्वा वर्ष ती मी मनात इतक्या वेळा लिहून खोडली आहे.

मराठीत लिहितेय, कारण हिंदीत लिहिलं तर तुमचा आवाज कानाशी येतो. "मराठीत बोल वं. तुह्या आजीनं जीभ देली ते का भाड्यानं आणली होती?"

गोष्ट अशी. फुलबासनच्या घराचा फोटो तुम्ही बिघडवला नव्हता. मी बिघडवला होता. तुम्ही अख्ख्या पाऱ्यासमोर, सगळ्या वस्तीसमोर तो स्वतःवर घेतलात, मी तोंड शिवून उभी राहिले, आणि ती बाई सव्वा वर्ष तुम्हाला शिव्या देत राहिली. तुम्ही गेलात तरी खरं काय ते तिला माहीत नाही. आज दुपारी मी तिच्याकडे जाणार आहे सांगायला. जाऊन आल्यावर लिहायचं बळ राहील की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

पहिल्यांदा तुम्ही पाऱ्यात आलात तो दिवस आठवतो. रायपुरात गुढियारीत मालधक्क्यामागं रुळांना लागून ती घरं. घरं पाडायच्या नोटिसा चिकटलेल्या, सर्वेवाल्यांनी प्रत्येक दारावर लाल रंगाची फुली मारलेली. मी सकाळपासून तिथं मोबाइल घेऊन पळत होते. तुम्ही ऑटोतून एक लाकडी पेटी आणि माझ्याहून उंच तिपाई उतरवलीत. मला वाटलं कबाडीवाला वजनकाटा घेऊन आला.

"काका, ये क्या है?"

"कॅमेरा हाय."

"इसमें रील कहाँ लगती है?"

"रीळ नाई लागत. एक फोटो, एक फिल्म. तळहाताएवढी."

"घंटे में कितने फोटो होंगे?"

"दोन. मालगाडी नाई आली तर."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत, कारण तो विनोद नव्हता. मालगाडी आली की जमीन थरथरायची, तिपाई थरथरायची, आणि तुम्ही लेन्सवर टोपण ठेवून शेवटचा डबा जाईपर्यंत उभे राहायचात. कोळशाच्या डब्यांची ती कधी न संपणारी रांग. मी घड्याळ बघत दात-ओठ खायची. बुलडोझर तुमच्या त्या काळ्या कपड्याबाहेर यायची वाट बघणार नाही काका, असं मी तुम्हाला किती वेळा सुनावलं असेन. तुम्ही कपड्याखालूनच उत्तर द्यायचात. "मंग तू त्याले जाऊन सांग ना, थांब म्हणा. तुह्या हातात भोंगा हाय. माह्या हातात टोपण हाय."

तुमची पद्धत ठरलेली होती आणि ती मला तेव्हा शुद्ध वेळकाढूपणा वाटायची. एका घराला एक फिल्म. दुसरी नाही. घरच्यांना दारात उभं करायचं, कशासोबत उभं राहायचं ते त्यांनी ठरवायचं. कोणी सायकल धरायचं, कोणी शेळी. मग टोपण काढायचं आणि मोठ्यानं मोजायचं. एक-दोन-तीन असं नाही, रेल्वेवाल्याची मोजणी. एक डबा. दोन डबे. तीन डबे. चौथ्या डब्याला टोपण परत. तेवढा वेळ हलायचं नाही. पोरंसुद्धा हलायची नाहीत, कारण त्यांना शेवटचा डबा ऐकायचा असायचा. आणि पहिला छाप घरच्यांच्या हातात. आंदोलन नंतर, परचा नंतर, वकील त्याच्याही नंतर.

फुलबासन पहिल्याच दिवशी तुमच्या कपड्यात घुसली होती. आठवतं? मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं पडतं हे तिला कोण सांगणार. आतून ओरडली, "मोर घर ला त तैं पहिली ले उलट दे हस, डोकरा!" माझं घर तर तू आधीच उलटवलंस म्हातारड्या. सगळा पारा खो-खो हसला. तुम्ही तिला समजावत बसलात की फिल्म धुतली की घर सरळ होतं. "पक्का?" "पक्का." त्या 'पक्का'चं पुढं काय झालं ते तुम्हाला आणि मला माहीत आहे.

फिल्मही तुमची जगावेगळी. सुजाताताईच्या समता कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये एक्स-रेचं काम संगणकावर गेलं, आणि उरलेले जुन्या फिल्मचे डबे तिनं तुमच्या माडीवर आणून टाकले. लोक बापाला मिठाई आणतात, ही फिल्म आणते, असं तुम्ही कौतुकानं सांगायचात. तुम्ही ती लाल दिव्यात कापायचात, मापानं, शिंप्यासारखी. त्या फिल्मला लाल दिसत नाही. लाल ते सगळं काळं. कुंकू काळं, ओठ काळे, आणि दारावरची सर्वेची फुली तर डांबरासारखी काळी. पाऱ्यातल्या पोरी छाप बघून रुसायच्या, "काका, मैं इतनी काली हूँ क्या?" तुमचं उत्तर ठरलेलं, "तू नाई वं, फिल्म आंधळी हाय." मी लगेच घोषणा बनवली, सरकारची लाल फुली, गरिबाच्या दारावर काळी. तुम्ही म्हणालात, "बरं हाय. आमच्या फिल्मचा दोष, तुमचं घोषवाक्य." तेव्हा राग आला होता. आता त्याच्यात काय रागावण्यासारखं होतं ते आठवत नाही.

मला तुम्ही होल्डर सांभाळायला दिलेत. होल्डर म्हणजे फिल्म बंद ठेवायची ती चपटी लाकडी खोकी, कॅमेऱ्याच्या मागं सरकवायची. त्याला एक झाकणपट्टी. तिची वरची कडा एका बाजूनं पांढरी, दुसऱ्या बाजूनं काळी. फोटो काढायच्या आधी पांढरी बाहेर. काढून झाला की पट्टी उलटून घालायची, काळी बाहेर. पांढरं म्हणजे कोरी, काळं म्हणजे झाली. एवढंच. तुम्ही मला हे पहिल्या दिवशी सांगितलंत, दुसऱ्या दिवशी सांगितलंत, तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "काका, एम. ए. झालेय मी." त्यानंतर तुम्ही सांगणं सोडलंत.

फुलबासननं नवऱ्याची गवंडीकामाची थापी आणि ओळंबा हातात घेतला होता. नवरा वारलेला, घर त्याच्या हातचं. निळं दार, वर त्यानंच सिमेंटमध्ये उमटवलेला मोर, वाकडा, एका पायाचा. ती तशी बडबडी बाई, पण चार डबे मोजून होईपर्यंत पापणी हलवली नाही. तुम्ही टोपण ठेवलंत आणि म्हणालात, "झालं. बंद कर." नेमका तेव्हा माझा फोन वाजला. एक पत्रकार. खांद्यावर फोन धरून, उद्या मशीन येणार का, किती पोलीस, असं काहीबाही बोलत मी पट्टी सरकवली. पांढरी बाहेर. आणि होल्डर कोऱ्यांच्या ढिगात टाकला.

दहा पावलांवर टायरवाल्याचं दार, तो टायर धरून उभा. तुम्ही हात पुढं केलात, मी होल्डर दिला. तुम्ही पांढरी कडा बघितलीत, कॅमेऱ्यात सरकवलात, मोजलंत. एक डबा. दोन डबे.

त्या दुपारी तुमच्या माडीवर, लाल दिव्याखाली, तुम्ही फिल्म ट्रेमध्ये हलवत होता. मी बाजूला उभी होते. आधी मोर आला. मग मोराच्या पोटात टायर आला. मग फुलबासनच्या चेहऱ्यावर टायरवाल्याच्या दाराची कडी. तुम्ही ट्रे हलवणं थांबवलं नाहीत. फिल्म पूर्ण धुतलीत, हायपोच्या रसायनात टाकलीत, पाण्यात टाकलीत, सगळं नीट, जशी चांगली निघालेली असती तर केलं असतंत तसं. मग हात पुसले.

"मी घातली पट्टी," मी म्हणाले.

"पाह्यलं म्या." एवढंच. मग, "उद्या सकाळी पहिलं तिच्याकडं जाऊ. सात वाजता. तू चहा पिऊन ये."

सात वाजता आपण पोचलो तेव्हा मशीन पोचलेलं होतं. फुलबासनचं रांगेतलं शेवटचं घर, म्हणून त्यांनी तिकडूनच सुरुवात केली होती. मोर आधी पडला. आपलं भांडण तिथं झालं, काका, आणि ते माझ्या बाजूनं अजून संपलेलं नाही. मी ओरडत होते, घ्या ना फोटो, तुमचा कॅमेरा आहे ना, एवढा मोठा कॅमेरा, घ्या! लोक रडत होते, पोलीस रेटत होते. तुम्ही कॅमेऱ्यावर काळा कपडा टाकून उभे. म्हणालात, "पडलेलं घर तिचं नोहे. ते त्याईचं काम हाय. म्या त्याईच्या कामाचा फोटो नाई काढत."

मी तुम्हाला भेकड म्हणाले. सगळ्यांसमोर. तुम्ही ऐकून घेतलंत.

मला अजूनही वाटतं तुम्ही चुकलात. मोबाइलवर मी काढलेला तो धुरळ्याचा फोटो, तिरका, थरथरलेला, तोच परच्यावर छापला गेला, तोच बघून शहरातली माणसं आली, दुपारपर्यंत स्थगिती आली आणि मशीन थांबलं. तुमच्या चार डब्यांनी ते झालं नसतं. पण परवा ताईसोबत तुमच्या फायली लावताना मी दाराचे सगळे छाप पाहिले आणि माझा तो धुरळा कुठं आहे ते शोधायला गेले, तर फोनमध्ये सापडेना. मिळेल कुठंतरी. शोधायचा थकवा आला. यानं तुम्ही बरोबर ठरत नाही, हे मात्र लिहून ठेवते.

स्थगितीमुळं बाकीची घरं काही दिवस टिकली. टायरवाल्याचा फोटो तुम्ही दुसऱ्या दिवशी परत घेतलात. फुलबासनचं घर तेवढं गेलं होतं.

मशीन थांबलं त्या दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पडलेल्या घराची भांडीकुंडी मांडलेली. फुलबासन तुमच्याकडं आली. रडून झालेली होती. म्हणाली, घर गेलं तर गेलं, कालचा फोटू तर देशील. मी दोन पावलं पुढं आले, देवाशप्पथ आले, तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "बाई, माह्या हातून बिघडला. एकाच फिल्मवर दोन फोटो निघाले. म्हातारा झालो, ध्यान नाई राह्यलं."

तिनं तुमच्याकडं बघितलं. "आँखी नइ दिखय त फोटू काबर खींचथस?" डोळ्यांना दिसत नाही तर फोटो कशाला काढतोस. ती हे ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि मी काय केलं? संध्याकाळच्या सभेचा परचा लिहायला बसले. मथळा दिला, 'जबाबदारी कोणाची?' त्याखाली अधिकाऱ्यांची पदं. लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही, याची आज मला भीती वाटते.

परतताना ऑटोत मी तुम्हाला विचारलं, का केलंत. तुम्ही तिपाई मांडीवर आडवी धरून बसला होता. म्हणालात, "तिले उद्यापासून वकिलाकडं कोण नेणार हाय? तू. सुनवाईले संग कोण बसणार हाय? तू. तुह्यावरचा भरोसा गेला तर ते कोणाच्या मांगं जाईन? माह्यावरचा भरोसा गेला तर काय बिघडते. फोटोवाला हाय म्या. फैसला होऊ दे. मंग सांगजो तू."

मी हुशार आहे. मला त्या 'मग सांग'मध्ये सुटका दिसली.

पुढचे महिने तुम्ही त्या पाऱ्यात जातच राहिलात. तुम्हाला न जाता आलं असतं. फुलबासन दिसली की ठरलेला कार्यक्रम. "आगे अंधरा फोटूवाला!" आला आंधळा फोटोवाला. पोरांनी तेच नाव उचललं. एकदा तुम्ही त्या बिघडलेल्या फिल्मचा छाप तिला नेऊन दिलात. किती तास घालवलेत त्याच्यावर, टायर फिका पडावा म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे कापून, उजेड अडवून अडवून. तिनं छाप हातभर लांब धरून बघितला. "ये मोर घर नोहय. मोर मुँहू म टायर टांग दे हस!" हे माझं घर नाही, माझ्या तोंडावर टायर टांगलास. आणि परत तुमच्या हातात दिला. तुम्ही तो पिशवीत ठेवलात आणि पुढच्या दारी गेलात. मी तिथंच होते. मी तिथं नेहमीच असायची.

मला तुमचा राग येतो, हे आज बोलू द्या. चूक माझी होती. तिच्यावर माझा हक्क होता. तुम्ही ती माझ्याकडून उचलून नेलीत, मला विचारलंसुद्धा नाहीत, जसं बाई माणसाच्या हातातली जड पिशवी कुणी सद्गृहस्थ परस्पर घेतो आणि आपण उगाच आभार मानत मागं चालत राहतो. व्हरांड्यात त्या दिवशी मी बोलले असते. असं मला वाटतं. तुम्ही मध्ये आलात म्हणून मला कधीच कळणार नाही की मी बोलले असते का.

फैसला लागला. तेलीबांधाच्या पुढं, नव्या रायपूरकडं जाताना ज्या इमारती आहेत तिथं सगळ्यांना फ्लॅट मिळाले. फुलबासनलाही मिळाला, तिसऱ्या मजल्यावर. मिठाई वाटली, माझ्या गळ्यात हार. तिथं गेल्यावर काय झालं ते तुम्ही स्वतः बघून आलात. लांबच लांब व्हरांडे, सगळी दारं एका रंगाची, एका मापाची. पहिल्या आठवड्यात म्हातारे दुसऱ्यांच्या घरात शिरायचे. मग कोणीतरी तुमचा छाप दाराबाहेर टांगला. मग सगळ्यांनीच टांगले. आता पोरं नंबर सांगतच नाहीत, शेळीवालं घर, सायकलवालं घर, असं सांगतात. फुलबासननं कॅलेंडर टांगलंय. गेल्या वर्षाचं.

फैसला होऊन सहा महिने झाले, काका. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, सांगितलंस का म्हणून. मी दर वेळी तयारी करून यायची की आज विचारतील, आणि तुम्ही म्हणायचात, "चहा घेशीन?"

दवाखान्यातही नाही. शेवटच्या आठवड्यात मी आले तेव्हा तुम्ही स्वतःच्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून बघत होता. डॉक्टरनं तुम्हाला समजावून सांगायचं म्हणून ठेवला होता. तुम्ही मान हलवलीत. "कॉम्प्युटरचा छाप हाय. काळा पाह्य कसा मेलेला. म्या धुतला असता तं काळाकुट्ट निघाला असता." ताई म्हणाली, "बाबा, तो पांढरा डाग बघा, काळा काय बघता." तुम्ही म्हणालात, "डाग तं दिसूनच राहिला. त्याले काय पाहाचं."

मी खुर्चीत बसले होते. ताई औषध आणायला खाली गेली. मी म्हणाले, काका, फुलबासनला... आणि तुम्ही डोळे मिटलेत. झोप लागली होती की थांबवलंत, हे मला कळलं नाही. मी तसंच अर्धवट सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून लिहिते.

आभार मानायचे राहिले तेही इथंच. तुम्ही मला थांबायला शिकवलंत असं मी लिहिणार नाही, मला अजून थांबता येत नाही. पण पाऱ्यातल्या पन्नास माणसांची नावं मला माहीत होती आणि चेहरे मी तुमच्या छापांत पहिल्यांदा नीट बघितले. आंदोलनात मी त्यांना 'जनता' म्हणायची. तुम्ही मला एकदा विचारलंत, "जनता म्हंजे कोनती, शेळीवाली का?" त्यानंतर परच्यात तो शब्द लिहिताना दर वेळी शेळी आडवी येते.

निघते आता. बस आहे.

आले जाऊन.

फुलबासन व्हरांड्यात जमिनीवर बसून लाल भाजी निवडत होती. "आ दीदी, बइठ." तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. म्हणाली, डोकरा माणूस बरा होता, पण माझा फोटू खाऊन गेला.

मी उभ्या-उभ्याच बोलले, अधिकाऱ्यासमोर बोलते तसं, एका दमात. "फोटो काका ने नहीं बिगाड़ा। मैंने बिगाड़ा। पट्टी मैंने गलत डाली थी। काका ने अपने सिर ले लिया और मैं चुप रही।"

ती भाजी निवडत राहिली. दोन-तीन काड्या. मग हात थांबले.

"त मैं ओला काबर गारी देवत रहेंव?"

मग मी त्याला शिव्या का देत होते. ती मला विचारत होती की स्वतःला, मला समजलं नाही. मी म्हणाले, माझ्यामुळं.

"अतेक दिन?" इतके दिवस?

"हव."

"तोला का लागिस, नोनी? मैं तोला खा डारतेंव?"

तुला काय वाटलं, मी तुला खाऊन टाकलं असतं? नोनी म्हणजे पोरगी. दोन वर्षं ती मला दीदी म्हणत होती, मी तिच्या निम्म्या वयाची असून. मग ती उठली. मांडीवरची भाजी सगळी खाली पडली. मग जे सुरू झालं ते मी इथं लिहीत नाही, पुस्तिका समाजाची आहे. दारं उघडली. शेळीवाली आली, सायकलवाला आला. टायरवाला बनियनवरच बाहेर आला, "क्या हुआ दीदी, कोई नोटिस आया क्या?" फुलबासन म्हणाली, "एखरे ले पूछ." हिलाच विचार. तेव्हा मला ते सगळ्यांसमोर परत सांगावं लागलं. पहिल्यांदा सांगणं सोपं होतं. दुसऱ्यांदा मला फोनसकट सगळं सांगावं लागलं. टायरवाला ऐकून घेऊन आत गेला. दार लावलं त्यानं. जोरात नाही, नेहमीसारखं.

मला वाटलं आता संपलं. पण फुलबासनचं संपलं नव्हतं. खाली बसून ती सांडलेली भाजी गोळा करत होती, मीही करायला लागले, तिनं माझा हात झटकला. आणि म्हणाली, आता हळू आवाजात, "ओहू झूठ बोलिस. मोर से." तोही खोटं बोलला. माझ्याशी.

मी सांगायचा प्रयत्न केला. तुमची सगळी दलील सांगितली, वकील, सुनावणी, भरवसा. ऑटोतलं सगळं. ती ऐकत होती.

"घर मोर रहिस," ती म्हणाली. "फोटू मोर. तुमन दूनो झन मोर बिना पूछे तय कर लेव?"

घर माझं होतं. फोटो माझा. तुम्ही दोघांनी मला न विचारता ठरवून टाकलंत.

काका, याच्यावर तुमच्याकडं काय उत्तर असतं? मी बसमध्ये पूर्ण रस्ताभर तुमच्या आवाजात उत्तर शोधत आले. एरवी तुमची उत्तरं मला तुमच्याआधी ऐकू यायची. आज काहीच आलं नाही. तुम्हाला वाटलं ती पोरीवरचा भरवसा गमावून बसेल, पोरीला वाटलं ती आंदोलन सोडून जाईल, आणि जिचं घर पडलं तिला काय पेलवेल ते आपण दोघांनी एका ऑटोत बसून परस्पर ठरवलं. मी ज्यांच्याविरुद्ध परचे लिहिते ते याहून वेगळं काय करतात? ते निदान नोटीस लावतात.

निघताना तिनं विचारलं, रविवारी कार्यक्रम किती वाजता. मी सांगितलं. "आहूं," ती म्हणाली. येते. "ओला पूछहूं." त्याला विचारते.

मी म्हणाले, फुलबासन, काका नाहीत आता. तिथं नुसता फोटो असेल.

"हव, मालूम हे. तभो पूछहूं."

माहीत आहे, तरी विचारेन.

सुजाताताईला मी फोन करून सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "बाबा असेच होते गं, माझेही निर्णय मला न विचारता परस्पर घ्यायचे." आणि हसली, आणि रडली. मी तिला सांगितलं आहे की फुलबासन बोलायला लागली तर कुणी तिचा हात धरून खाली बसवायचं नाही. ती पुढच्या रांगेत बसेल. मी तिला घ्यायला जाणार आहे, ती माझ्यासोबत बसमध्ये चढेल की नाही ते तेव्हा बघू.

तिचं विचारून झालं की ताई माझं नाव पुकारेल. तुमच्या समोर उभी राहून मी ही पानं वाचीन, पहिल्या ओळीपासून, सगळ्या पाऱ्याला ऐकू जाईल अशी. तुमची परवानगी मी मागत नाहीये.